खडूचा ‘उ’ आणि मी

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुनी, जाड टायरांची इलेक्ट्रिक सायकल आहे आणि आयुष्यात एकदा मी चक्क उलटी धावले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काय विचारता! पुढच्या चाकात मोटर, टायर कसले, बैठकीतले लोडच! गल्लीतले लोक वळून बघायचे. मग नवलाई ओसरली आणि मी जिन्याखाली धूळ खात पडले. कुणी हवासुद्धा भरेना. खोटं कशाला बोलू, मी अगदी रडकुंडीला आले होते.

मला बाहेर काढलं ते घरातल्या वहिनींनी. पक्षाघाताने त्यांच्या वडिलांची उजवी बाजू लुळी पडली होती. ते पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात असत आणि फक्त लेकीच्या हातून जेवत. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ घट्ट. म्हणून रोज पाच वाजता वहिनी, डबा आणि मी.

एका दुपारी माझं पुढचं चाक पंक्चर झालं. नेमक्या त्या दिवशी बसही बंद. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “मोटरचं चाक? परवा आणा.”

“परवापर्यंत बाबांनी उपाशी राहायचं का?” वहिनींचा चेहरा पडला.

“मी आहे ना!” म्हणत नणंद पुढे झाली. ती शिवणकाम करायची. दोघींनी मला जुन्या चादरीवर उताणी झोपवलं. चाक काढण्याआधी नणंदेने खडूने त्याच्या एका बाजूवर ‘उ’ लिहिला. टायर काही निघता निघेना. तीन चमचे वाकले, शेवटी उलथनं कामी आलं. ठिगळ लावण्यात मात्र तिचा हात कोण धरणार!

ती हात धुवायला गेली तेवढ्यात वहिनींनी ‘उ’ उजवीकडे ठेवून चाक बसवलं. डबा अडकवला, मूठ पिळली आणि मी सरळ मागे! धाडकन भिंतीवर. चाक उलटं बसलं की त्यातली मोटरही उलटी फिरते ना!

“अगं बाई, ही कुठे निघाली?” नणंद धावत आली.

“‘उ’ उजवीकडेच आहे की!”

“उजवीचा कुठला? कापडाला सुलट-उलट असते ना? जिन्याखाली भिंतीकडे असते ती हिची डावी बाजू, म्हणजे उलट. ‘उ’ उलटचा!”

वहिनींना हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. “आज बाबा उपाशी राहणार, वन्सं.”

“रडतेस काय, वेडे? उसवायचं आणि परत शिवायचं. माझं रोजचंच काम आहे.”

आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. बाबा खिडकीशी बसले होते, समोर शुश्रूषागृहाचं ताट गार, न शिवलेलं. माझी घंटा ऐकून त्यांनी डावा हात वर केला. मी खिडकीखालीच उभी होते, सगळं ऐकू येत होतं. वहिनींनी सांगितलेली माझ्या उलट्या धावेची गोष्ट ऐकून ते वाकड्या ओठांनी हसले, आणि तोंड उघडं होतं तेवढ्यात वहिनींनी पहिला घास भरवला.

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय. चाकावर मात्र ‘उजवी’ आणि ‘डावी’ असे अख्खे शब्द रंगवलेले आहेत. तुमच्याही जिन्याखाली माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर एकदा हवा भरून बघा. त्याच्या घंटेची वाट बघत कुणीतरी खिडकीशी बसलेलं असेल.