जमेल ना?

सकाळचं ऊन वसतिगृहाच्या त्या खोलीत कधीच घाईने येत नसे. आधी ते खिडकीच्या गजांवर रेंगाळे. मग भिंतीवर उतरे, खुंटीवरच्या ओल्या टॉवेलला उगाच सोनेरी करून सोडी आणि शेवटी टेबलावरच्या कागदांपाशी येऊन थबके. त्या उजेडात प्रबंधाचं पहिलं प्रकरण इतकं निरागस दिसे, की ते लिहिणाऱ्या त्याला त्या कागदांचाही राग येई.

ते प्रकरण मार्गदर्शक सरांना द्यायचा आज शेवटचा दिवस होता. दिलं नाही, तर संशोधनातून नाव कमी होणार होतं.

"जमलंय ना रे मला?" त्याने विचारलं.

खोलीतला पार्टनर दाढी करत होता. "न जमायला काय झालं? तुला नाही तर कुणाला जमणार?"

फेसाळ तोंडातून मिळालेलं प्रमाणपत्र! चहात साखर पडली की नाही, हेसुद्धा याला दुसऱ्याला विचारावं लागतं.

त्याने ताईला फोन लावला.

"अरे, तू आमचा हुशार! नाश्ता केलास का?"

ताई शेजारच्या मांजरालाही हुशारच म्हणायची. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सगळे तयार. पारख मात्र एकालाही नाही.

"आण इकडे, वाचतो," पार्टनर तोंड पुसत म्हणाला.

त्याने कागद छातीशी धरले. "तुला काय कळणार त्यातलं?"

"मग सकाळपासून माझं डोकं कशाला खातोस, शहाण्या?"

दुपारी तो विभागात गेला, तेव्हा सरांच्या टेबलावर इतरांच्या प्रकरणांची चळत होती. कुठे पान दुमडलेलं, कुठे समासात शाईचा डाग. असली लक्तरं लोक चारचौघांत मांडतात तरी कशी!

"सर, तुम्हाला काय वाटतं? जमेल ना मला?"

"न वाचता काय वाटणार? ज्योतिषी समजलास का मला? ठेव तिथे."

त्याने पिशवीची चेन अर्धी उघडली आणि पुन्हा लावली. "एकदा शेवटचा हात फिरवतो, सर."

"गेल्या महिन्यातही हेच म्हणालास. कमी करू नाव?"

त्याने पिशवी छातीशी धरली. सरांनी यादीतल्या त्याच्या नावावर रेघ ओढली आणि मान वर न करता पुढच्याला हाक मारली.

जिन्यात तो थांबला. सगळे तोंडदेखलं बोलतात, असं नेहमीप्रमाणे मनात आलं. पण या वेळी ते वाक्य पुरं होईना. दुसरं बोलणार तरी काय होते ते? वर्षभरात त्याने लिहिलेलं एकही पान कुणाला वाचायला दिलं नव्हतं.