शिंपल्या वर आल्या

"उकरू नका. दर्या स्वतः देतोय," गावात नुकताच येऊन बसलेला बाबा म्हणाला, आणि सगळं गाव घोटाभर चिखलात हात जोडून उभं राहिलं.

ओहोटीला उघडा पडणारा आमचा चिखल महिनाभर हिरव्यागार शेवाळानं झाकला होता, आणि त्यावर शिंपल्या आपणहून येऊन पडत होत्या. याच शिंपल्यांवर आमची चूल पेटते. त्या उकरता उकरता तीस वर्षांत माझी कंबर गेली. आता नुसत्या वेचायच्या. बाबाच्या अटी दोनच. रोजची पहिली पाटी त्याची, आणि 'दर्याच्या हिरव्या पांघरुणाला' कुणी हात लावायचा नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

"माझ्या सासूनंही असं पाहिलं नव्हतं गं," सासूबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. वीतभर खोल दडणारी शिंपली उघड्यावर का येते, हे आम्हीच विचारायला हवं होतं. पण आयतं मिळालं की अक्कल चरायला जाते.

विचारलं माझ्या नणंदेनं. ती शाळेत विज्ञान शिकवते, घरात तिला शंकासुर म्हणतात. तिनं दोन बादल्यांत स्वच्छ चिखल, खारं पाणी आणि जिवंत शिंपल्या घातल्या. एकीवर शेवाळाचा जाड थर पसरला, आणि दोन्ही बाबाच्या ओट्यावर सगळ्यांदेखत ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी उघड्या बादलीतल्या शिंपल्या खालीच होत्या. झाकलेल्या बादलीतल्या वर येऊन तोंडं वासून पडल्या होत्या. चिखल काळाठिक्कर, आणि कुजक्या अंड्यांचा वास.

"बाबा, बादलीतही दर्या आला का?" नणंदेनं विचारलं.

"मनात श्रद्धा नसेल तर..."

"श्रद्धा दोन्ही बादल्यांत सारखीच होती. शेवाळ एकीतच होतं." मग ती आमच्याकडे वळली. "नाल्यातून सांडपाणी आणि शेतातलं खत येतं, त्यावर हे माजतं. सडताना चिखलातला प्राणवायू संपवतं. शिंपल्या तुम्हाला काही देत नाहीयेत, वहिनी. त्या गुदमरून वर पळतायत."

बाबा त्याच दुपारी पाटी टाकून पसार झाला. आम्ही शेवाळ ओढायला धावलो, पण महिना हातचा गेला होता. सासूबाईंनी आमच्या पट्ट्यात उकरायचा लोखंडी पंजा मारला, रिकामे शिंपले निघाले. पुन्हा मारला, तेच. त्या मारतच राहिल्या.

"मीच नमस्कार करत होते गं, त्या मरत होत्या तेव्हा," त्या म्हणाल्या, आणि चिखलात मटकन बसल्या.

काठाकडची एक चिंचोळी पट्टी तेवढी जिवंत निघाली. तिच्यावरचं शेवाळ आम्ही रोज ओढतो, आणि नाल्याचं पाणी थांबवा म्हणून कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. ती पट्टी टिकेल की नाही, ठाऊक नाही. तुम्हाला एवढंच सांगते: खालचं काही आपणहून वर आलं, तर हात जोडू नका. आधी उकरून बघा.