पायाखालचा कापूस

गेली दोन वर्षं जतनबाईंच्या पायाखालची जमीन मऊ होत चालली होती. आळेफाट्याच्या घरातली फरशी असो, जैन स्थानकाची पायरी असो की वैशाखातलं तापलेलं डांबर, सगळीकडे कुणीतरी कापूस अंथरून ठेवल्यासारखं वाटायचं. स्थानकाच्या अंगणात बाकीच्या बायका चटके बसून टुणटुण उड्या मारत, तेव्हा ह्या अनवाणी संथ चालत येत. "बाईंची तपस्या आहे हो," असं कुणी म्हणालं की जतनबाई नको नको म्हणायच्या आणि चाल आणखी जरा संथ करायच्या.

माघात एका सकाळी स्वयंपाकघरात रक्ताची पावलं उमटली. कुणाला लागलं म्हणून बाईंनी अख्खं घर फैलावर घेतलं. शेवटी चेतनानं, त्यांच्या सुनेनं, त्यांनाच खुर्चीत बसवून पाऊल उलटं करून पाहिलं. टाचेत काच रुतली होती. साखरेचा आजार बाईंना जुनाच होता. चेतना त्यांना तडक सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथली रत्ना सिस्टर पश्चिमेकडच्या डोंगरातली, भात पिकवणाऱ्या घरातली. जखम बांधून झाल्यावर तिनं नायलॉनची एक बारीक काडी काढली.

"आज्जी, डोळे मिटा. ही काडी पायाला लागली की हो म्हणायचं. न्हाई लागली तर गप बसायचं."

बाईंनी डोळे मिटले. पापण्यांआड तांबूस उजेड होता. बाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं. त्या वाट बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं दोन्ही पावलांवर हलकं, ऊबदार ओझं आलं. त्यांची लेक रिद्धी लहान असताना अशीच आईच्या पावलांवर उभी राहायची, साडी घट्ट धरायची, आणि बाई तिला पायांवर घेऊन घरभर फिरवायच्या.

"हो," बाई म्हणाल्या. "हो, हो."

"आज्जी, आत्ता काडी लावलीच नाय मी," रत्ना हळूच म्हणाली. "लावली व्हती तवा तुमी गप व्हता."

बाईंनी डोळे उघडले. तपस्या वगैरे काही नव्हती, साखरेनं पायांच्या नसा मारल्या होत्या. त्यांना फार लाज वाटली. रत्नानं बजावलं, इथून पुढं अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही आणि रोज तळवे बघायचे.

"चैत्रात आमच्या महासतीजी येणार हायेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्यासंगं पायताण घालून कसं चालू?"

महासतीजी म्हणजे रिद्धीच. दीक्षा घेतल्यावर ती कुणाची लेक उरली नव्हती. तिला जवळ घ्यायचं नाही, घरी बोलवायचं नाही. गावातून विहार करत पुढं निघाली की अनवाणी तिच्यासोबत चालायचं, आईला एवढंच मोकळं होतं. त्या एका सकाळसाठी बाई कितीतरी वर्षं थांबल्या होत्या.

"चाला की," रत्ना म्हणाली. "पर बूट घालून."

चैत्रापर्यंत जखम भरली. विहाराच्या सकाळी जतनबाई रुंद, मऊ बूट घालून सगळ्या बायकांच्या मागं, अगदी शेवटी राहिल्या. पुढं पांढऱ्या वस्त्रातल्या महासतीजी नेमाप्रमाणे जमिनीवर नजर ठेवून चालत होत्या. चालता चालता त्या थांबल्या, वळल्या. खाली असलेली नजर पहिल्यांदा बुटांवरच पडली.

"श्राविका, इतक्या मागे का?" तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीआडून आवाज आला.

"पायांना कळंना झालंय महासतीजी. खाली काय आलं, कशावर पाय पडला, काईच कळत न्हाई."

महासतीजी थोडा वेळ त्या बुटांकडे बघत राहिल्या.

"मग माझ्या शेजारून चाला. तुमच्या पायांपुढचं मी बघते."

बायका बाजूला सरल्या. दोघी निघाल्या. थोडं पुढं मुंग्यांची रांग आडवी आली. "थांबा," महासतीजी म्हणाल्या, आणि जतनबाई थांबल्या. पावलांवर ते ओझं पुन्हा आलं होतं. ह्या खेपेला त्यांनी कुणाला हो म्हणून सांगितलं नाही.