माणिकरावांचा पत्ता

माणिकराव हिंगोलीत सुवर्णविहार कॉलनीत राहतात, हे पुसेगावात नऊ वर्षांपासून सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त सुवर्णविहाराला. ही बातमी गावात सोडली होती खुद्द माणिकरावांनीच, एका लग्नाच्या पंगतीत, जिलेबीचा आग्रह चालू असताना. शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "हिंगोलीत कुठं ऱ्हाता?" आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं. तिथल्या शाळेत ते शिपाई होते, रोज सकाळी साडेसहाला त्या कॉलनीचं फाटक ओलांडत होते, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शाळा सुटल्यावर आपण नाल्यापलीकडं आरागिरणीच्या वस्तीत, दीड खोलीत झोपायला जातो, एवढं मात्र पंगतीत सांगायचं राहून गेलं.

एकदा बोललेलं मग निस्तरत बसावं लागलं. गावाकडचं कोणी आलं की माणिकराव त्याला बसस्टँडवरच गाठायचे, हॉटेलात भजी-चहा घालायचे, आणि घरी जायचा विषय निघाला की घरात रंगकाम चालू असायचं. नऊ वर्षांत त्या घराला रंगाचे इतके हात बसले होते, की खरे असते तर भिंती फुगून आत माणूस मावलं नसतं. बायको सुभद्राबाई आधी आधी या रंगकामाला हसायची. नंतर तिनं हसणं बंद केलं.

दिवाळी झाल्यावर मुंजाजींचा फोन आला. मुंजाजी म्हणजे माणिकरावांचे थोरले चुलतभाऊ. घरची मेंढरं माणिकरावांनी विसाव्या वर्षी सोडली, मुंजाजींनी अजून सोडलेली नाहीत. वर्षातले आठ महिने ते कळपामागं रानोमाळ असतात, शहराशी त्यांचा संबंध औषधापुरता.

"माणिक, अंजलीचा नर्सिंगला नंबर लागला. होस्टेलात जागा न्हाई म्हन्तेत. तुझ्याकडंच ठेवली असती पोरगी."

"दादा, सुभद्राची मावशी येऊन राहिली आमच्याकडं. आजारी हाय," माणिकराव म्हणाले. सुभद्राबाईला मावशी नव्हती.

"मंग एखादी खोली पाहून दे. लेकरू एकलंच ऱ्हानार. कोनती जागा बरी, कोनती वाईट, आमाला काय कळतंय? तुझ्यावरच हाय समदं."

रविवारी सकाळी बापलेक उतरले. सोमवारी वर्ग सुरू होणार म्हणून अंजलीनं कपड्यांची पिशवीच आणली होती. पोरगी अठराची, बोलायला कमी, पण तयारीची. वहीत तिनं रकाने आखून आणले होते: पाणी, लाइट, संडास, रस्ता. शेवटच्या रकान्यावर फक्त 'सातनंतर' लिहिलं होतं. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून ती सातनंतर खोलीवर येणार होती, तेव्हा कशाबद्दल ते वेगळं लिहायची गरज नव्हती.

हॉटेलात चहा घेता घेता माणिकराव शहर सांगू लागले आणि अंजली लिहू लागली. आपलं बोलणं कोणी लिहून घेतंय म्हटल्यावर माणिकरावांना चेव चढला. शाळेत त्यांचं कोण ऐकतंय?

"अन् काका, येताना नाल्यापलीकडं पत्र्याची घरं दिसली. ती कोनती वस्ती?"

माणिकरावांनी कप बशीत ठेवला. "ती आरागिरणी. तिचं नावच काढू नको, बाई. चोऱ्या, दारू. बाया तर अशा भांडखोर, की भल्या मानसानं तिथं पाय ठेवू नये."

नुसतं 'बरी नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पोरगी तिकडं फिरकूच नये म्हणून त्यांनी चार शब्द जास्तीचे घातले, आणि तिनं ते चारही लिहून घेतले.

पहिल्यांदा सुवर्णविहार. "माझं घर मागल्या अंगाला हाय, पन रंगाचा वास लई..." माणिकरावांनी सुरुवात केली. मुंजाजींनी नुसती मान हलवली. रस्ते सिमेंटचे, खांबाखांबावर दिवा, घराघराला बोअर, फाटकावर कॅमेऱ्याची पाटी. बंगल्याच्या मागची एक खोली भाड्यानं होती, तीही चांगली होती. अंजलीचे पहिले चारही रकाने भरले. माणिकरावांना वाटलं, झालं, जमलं.

पण मुंजाजी तिथल्या एका ओट्यावर बसले ते उठेचनात. माणिकरावांनी ओळखलं हे काय चाललंय. कोणाच्या शेतात मेंढरं बसवायची असली की मेंढपाळ आधी एकटा जाऊन बांधावर बसतो. पाणी, चारा तर पाहतोच, पण मुख्य म्हणजे कोणी येऊन 'कोण हो तुम्ही?' विचारतं का, त्याची वाट पाहतो. विचारणारं माणूस असलं तर तिथं कळप बसवायचा. लहानपणी माणिकरावही वडिलांबरोबर असे बांधावर बसले होते.

पाऊण तास गेला. एक बाई कुत्रं फिरवत गेली. एका खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला. मोटरसायकलवरची दोन पोरं अंजलीकडं बघत गेली, वळून परत आली, तिसऱ्यांदाही आली. मुंजाजी उठून उभे राहिले तेव्हा कुठं गेली. एकाही फाटकातून कोणी बाहेर डोकावलं नाही.

"जागा सोन्यासारखी हाय," मुंजाजी म्हणाले, "पन कोनी इचारलं न्हाई."

दुसरी खोली मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या दुकानांवर होती. खाली माणसांची ही गर्दी, पण संध्याकाळी शटर पडली की जिन्यात एकटं पाखरूही नसतं, हे घरमालकानं स्वतःच सांगितलं, तेही 'शांतता आहे' अशा थाटात. अंजलीनं 'सातनंतर'च्या रकान्यात फुली मारली.

"आता ती वाईट जागाबी दाखव," मुंजाजी म्हणाले.

"काहून, दादा? तिथं काय पाहायचं?"

"लांडगा कुठून येतो ते ठावं पायजे, माणिक. पोरीला सांगता येतंय, इकडं फिरकू नको म्हून."

माणिकरावांनी ऊन लागतंय म्हणून पाहिलं, जेवायची वेळ झाली म्हणून पाहिलं, पायाला गोळा आला म्हणून पाहिलं. मुंजाजी ज्या माणसांत वाढले होते त्यांना पायाचा गोळा हे न चालायचं कारण ठाऊकच नव्हतं. ते नाल्यावरचा अरुंद पूल ओलांडून पलीकडं गेलेसुद्धा, मागून अंजली, आणि तिच्या मागं माणिकराव, मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाला हात जोडत. रविवारची दुपार आहे, बाया झोपल्या असतील, अशी त्यांना एक आशा होती.

मुंजाजी नळाजवळच्या दगडावर जेमतेम टेकले असतील.

"कोन पायजे हो? कोनाचे पाव्हने तुमी?"

समोरच्या दारात शेंगा फोडत बसलेली म्हातारी उठून आली होती. ती नर्मदाबाई, माणिकरावांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिच्या मागं आणखी दोन बाया उठल्या. माणिकराव विजेच्या खांबाआड सरकले. खांब वीतभर रुंदीचा आणि माणिकराव काही तेवढे बारीक नव्हते.

"अगं बाई, माणिकराव! पाव्हन्यांला दगडावर काहून बसवलं? घर काय चार कोसांवर हाय? सुभद्रे, ए सुभद्रे, तुझ्याकडं मान्सं आली!"

सुभद्राबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. समोर थोरले दीर दिसताच तिनं पदर डोक्यावर घेतला, मग नवऱ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं. ती वाकून पाया पडली आणि आत पाणी आणायला गेली.

घरात गेल्यावर मुंजाजींनी एकदा भिंतीकडं पाहिलं. चुना पापुद्र्यांनी सुटला होता. त्यांनी नजर खाली केली आणि घोंगडी सारखी करत बसले. रंगाचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर माणिकरावांना सोपं गेलं असतं. त्यांचे कान असे तापले होते की हात लावायची भीती वाटत होती.

नर्मदाबाई मात्र ऐसपैस दारात बसली होती. अंजली खोली शोधतेय हे कळताच तिनं विचारल्याशिवायच सगळं सांगितलं. पाणी आठव्या दिवशी, तेही कधी पहाटे तर कधी भर उन्हात. संडास सहा, त्यातल्या दोनांना कडी नाही, म्हणून बाया जोडीनं जातात. पावसाळ्यात नाल्याचं पाणी उंबऱ्याला लागतं. गोड करून तिनं काहीच सांगितलं नाही. अंजलीनं विचारलं, "अन् सातनंतर?"

"सातनंतर आमी समद्या भाईरच बसून असतो की. डूटीवरून येनारी पोरगी पुलावर दिसली की कोनीतरी उठून जातं तिच्याकडं. माझी एक खोली रिकामी हाय बघ, पत्र्याची. पन कडी पक्की हाय." मग ती वहीकडं वाकली. "आमच्या वस्तीचं काय लिहिलंस? वाच की."

अंजलीनं वही मिटली.

"वाच गं. आमाला वाचता येत न्हाई, ऐकता तर येतं!"

अंजलीनं काकांकडं पाहिलं. माणिकराव जमिनीकडं पाहत होते. तिनं हळू आवाजात वाचलं, "चोऱ्या. दारू. बाया भांडखोर."

"कोन सांगलं?"

"स्टँडवर कोनीतरी बोललं असंल," मुंजाजी घाईनं म्हणाले. आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्याला लगेच खोकला आला. आपल्यासाठी दादाला खोटं बोलावं लागलं, हे माणिकरावांना चाबकासारखं लागलं. सुभद्राबाई चुलीपुढं पाठमोरी बसली होती. तिनं मान वळवून नवऱ्याकडं एकदाच पाहिलं.

नर्मदाबाई चिडली नाही. ती विचार करत होती. "चोऱ्या न्हाईत, तेवढं खोड. चोरून न्यायला हाय काय इथं? दारूचं बराबर हाय. माझा पोरगा खेमा दारूनंच गेला. ती खोली त्याचीच." तिनं ओटीतली एक शेंग फोडली. "अन् भांडखोर म्हन्शील तर ती मीच. पोळ्याच्या वक्ताला ही सुभद्रा तापानं बेशुद्ध पडली. आटोवाला पुलाच्या अलीकडं यायला तयार न्हाई, म्हने त्या वस्तीत येत न्हाई. त्याच्या गाडीफुडं आडवी झाले मी. अशा शिव्या दिल्या त्याला, की दवाखान्यापोतूर एक शबूद बोलला न्हाई. माणिकराव शाळेत व्हते ना. व्हय का न्हाई, माणिकराव?"

"व्हय," माणिकराव म्हणाले.

ज्या बाईनं आपल्या बायकोचा जीव वाचवला तिला आपण सकाळी भज्यांच्या ताटलीवर विकलं, आणि ती आता आपल्यालाच साक्षीदार म्हणून विचारतेय. 'मीच बोललो ते,' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. माणिकरावांनी तोंड उघडलं. सुभद्राबाईनं त्यांच्यापुढं चहाचा कप ठेवला, आणि त्यांनी त्या कपाचा आधार घेऊन तोंड चहात घातलं. चहा कडकडीत होता, जीभ भाजली, तेही त्यांना कमीच वाटलं.

मुंजाजींनी फार वेळ घेतला नाही. "बाई, पोरगी तुमच्याकडं ठेवतो," ते नर्मदाबाईला म्हणाले. "तकलीफ होईल तिला पान्याची. पन आमी आल्याबरोबर तुमी उठून आल्या." अंजलीनं पेन काढलं, 'चोऱ्या' खोडलं आणि पिशवी नर्मदाबाईच्या खोलीत नेऊन ठेवली.

चारच्या गाडीला माणिकराव आणि अंजली मुंजाजींना सोडायला गेले. वाटेत मुंजाजी कळपाबद्दलच बोलले. सिद्धेश्वरकडच्या सोयाबीनच्या रानात मेंढरं बसलीत, यंदा लोकर बरी आहे, असं. घराबद्दल एक अक्षर नाही. गाडीत खिडकीशी बसल्यावर मात्र त्यांनी हात बाहेर काढून माणिकरावांच्या खांद्यावर ठेवला.

"माणिक, तू फिकर करू नको. गावात मी कोनाला सांगनार न्हाई."

माणिकरावांना म्हणायचं होतं, सांगा, दादा. आरागिरणीत राहतो म्हणावं, शेजारीण लाखात एक आहे म्हणावं. शब्द सगळे तयार होते, घरापासून स्टँडपर्यंत त्यांनी ते दहादा घोकले होते. कंडक्टरनं बेल मारली.

"बरं, दादा," माणिकराव म्हणाले. "तेवढं पाहा."

आणि बोलल्याबरोबर त्यांना चक्क हायसं वाटलं. एवढं सगळं होऊनही हायसं वाटलं, याची लाज त्यांना दुपारच्या सगळ्या लाजेपेक्षा जास्त वाटली.

अंजली शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं होतं. "नर्मदामावशी वाट पाहत असतीन," एवढंच म्हणून ती पुलाच्या दिशेनं चालू लागली. माणिकराव तिच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चालले. तिच्या बरोबरीनं चालायची त्यांची हिंमत झाली नाही.