चौथा रकाना

माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून मी त्याचं अर्धं प्रकरण ओळखतो. वकिलाच्या ऑफिसात आलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसला, तर त्याला खर्चाची धास्ती असते. रेलून बसला, तर तो आधी दुसऱ्या वकिलाकडे जाऊन आलेला असतो. आणि बसलाच नाही, तर आपली बाजू लंगडी आहे हे त्याला ठाऊक असतं. एकतीस वर्षांत हा अंदाज दोनदाच फसला. तिसऱ्यांदा जे फसलं तो अंदाज नव्हता, तो मीच होतो.

ऑफिसात मला कॅलेंडर म्हणतात. कुठल्या दाव्याची तारीख कधी, हे मी वही न उघडता सांगायचो, म्हणून. ऑफिस दोघांचं. निम्मं मोठ्या साहेबांचं, निम्मं त्यांच्या धाकट्या भावाचं. भाऊ गेले आणि ते निम्मं त्यांच्या मुलीकडे आलं. ती लहान असताना माझ्या टेबलाखाली बसून कोऱ्या कागदांवर ऑफिसचे शिक्के मारायची आणि मला मामा म्हणायची. अजूनही म्हणते. मी मात्र आता तिला ताई म्हणतो. शिक्के खरे मारायला लागलेल्या माणसाला अहो-जाहो करावं लागतं.

ताईंनी आल्या आल्या बाहेरचा लांब बाक काढला.

"बाकावर माणसं दिसली नाहीत तर आपलं चालतंय हे कळणार कसं?" साहेबांनी विचारलं.

"ज्या वेळेला बोलावलं त्या वेळेला आत घेतलं की कळेल, काका."

मग नियम आले. फोन आला की त्याच दिवशी उत्तर. काम घेण्याआधी एका कागदावर लिहून द्यायचं : काय होईल, किती महिने लागतील, किती फी, आणि हरायची शक्यता किती. हरणारच असेल, तर तसं सांगून माणसाला घरी पाठवायचं. कोण किती तास कशावर घालवतो तेही लिहायचं. त्या तासांच्या वहीतून पहिल्याच वर्षी निघालं, की साहेबांचे लाडके अशील गोदामवाले आमचं एक तृतीयांश उत्पन्न देत होते आणि निम्मे तास खात होते. साहेबांनी ते पान उलटं करून ठेवलं.

पण सगळ्यात बोचरा नियम पाच तारखेचा. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येक अशिलाला एक पान जायचं, साध्या भाषेत. त्यावर चार रकाने. या महिन्यात काय झालं. पुढे काय. खर्च किती. चौथा रकाना : आमची चूक.

साहेब त्या दिवशी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "डॉक्टर लिहून देतो का, की टाके घालताना कात्री आत राहिली?"

"राहिली असेल तर पोट पुन्हा उघडावं लागतंच ना," ताई म्हणाल्या.

वीस महिने त्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहीत होतो. साहेबांच्या अशिलांना पानं जात नव्हती. मोठी माणसं आहेत, त्यांना वाचायला वेळ नसतो, असं साहेबांचं म्हणणं. मलाही तो रकाना म्हणजे नव्या सुनेची हौस वाटायची. सगळी भांडी एकदा घासून झाली की संपेल.

दुसरा एक नियम मला जास्त झोंबला होता. कुठलीही मुदत वहीत लिहिली की दोघांनी स्वतंत्रपणे मोजायची आणि दोघांनी सह्या करायच्या. पहिली सही माझी. दुसरी आमच्याकडे नव्याने लागलेल्या ज्युनिअर वकील मुलीची. तिला आम्ही चष्मेवाली म्हणायचो. ती प्रत्येक मुदतीला पाकीट मागायची, पाकिटावरचा शिक्का बघायची, बोटांवर दिवस मोजायची. एकतीस वर्षांच्या माणसाच्या मागे उभं राहून बोटं मोजणारी पोर. मी चारेक महिने सहन केलं. मग मी एक सोय केली. माझी सही निळ्या पेनाने करायचो आणि तिची काळ्या. तिची सही सोपी होती, एक वळसा आणि दोन टिंबं.

बघा, किती हुशार माणूस.

शिवणवाल्या बाईंचं प्रकरण या सोयीत सापडलं. चार मशीनचं दुकान, तीन बायका कामाला. जागामालकाला जागा रिकामी हवी होती. त्याच्या दाव्याची कोर्टाची नोटीस दुकानात पोचली तेव्हा बाई बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. पाकीट नऊ दिवस कापडाच्या गठ्ठ्यावर पडून होतं. परत आल्यावर त्यांनी ते आमच्याकडे आणलं. लेखी उत्तराला तीस दिवस होते, नोटीस पोचल्यापासून. मी मोजले ते आमच्या टेबलावर आल्यापासून. निळी सही, काळी सही.

दोन तारखेला कोर्टाचा कागद आला. उत्तर मुदतीत आलं नाही, म्हणून एकतर्फी आदेश : तीस दिवसांत जागा रिकामी करा.

कागद चष्मेवालीनेच उघडला. तिने मुदतीची वही आणली, ते पान काढलं आणि बराच वेळ काळ्या सहीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. वही माझ्या टेबलावर ठेवून गेली, उघडीच.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"गोदामवाल्यांचा वर्षाचा करार पाच तारखेला आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी ऑफिसात रडारड नको. बाईला काय सांगायचं ते ठरलेलं आहे. कोर्टाने ऐकलं नाही. चाळीस वर्षं तेच सांगतोय, कुणी उलट विचारलं नाही."

"ताई रकाना भरायला लावतील, साहेब."

"भरू दे. दोन सह्या आहेत ना?" त्यांनी चष्मा पुसला. "त्या पोरीला सात महिने झालेत. तिला सांगू, बाई, तुझं लक्ष नाही, दुसरीकडे बघ. तिला दुसरी नोकरी मिळेल. तुला या वयात कोण घेणार, कॅलेंडर? तू गप्प बस. बाकी मी बघतो."

मी खुर्चीत बसलो होतो. कडेवर. ते माझ्याच लक्षात आलं.

खरं सांगायचं तर मी बाहेर आलो तो सुटलो म्हणूनच आलो. जेवलोही नीट. घरी बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे साहेब किती सांभाळून घेतात ते सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"त्या मुलीने काय केलं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग तिला का काढताय?"

"तसं असतं ते."

"तुमच्यात असेल," ती म्हणाली आणि माझ्यापुढची काडी उचलून बाजूला टाकली. पुढे दोन दिवस ती माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलली.

पाच तारखेला सकाळी ताईंनी पानांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. शिवणवाल्या बाईंचं पान वर होतं. तीन रकाने भरलेले, चौथा कोरा.

"वही बघितली मी," ताई म्हणाल्या. "दोन सह्या आहेत. ज्याची चूक त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायची, मामा. कोण लिहिणार ते तुम्ही सांगा."

चष्मेवाली पलीकडच्या टेबलावर फायलींना दोरी बांधत होती. तिने आपली पाण्याची बाटली आणि छत्री आधीच पिशवीत भरून ठेवलेली दिसत होती. साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको, अशी.

मी निळं पेन घेतलं. लिहिलं : 'मुदत मी चुकीच्या दिवसापासून मोजली. ताडून बघणाऱ्याची सहीही मीच केली. तिचा यात काही संबंध नाही.' खाली माझं नाव, आडनावासकट. इतक्या वर्षांत ते अशिलाच्या कागदावर पहिल्यांदाच आलं.

"वेड लागलंय तुला," साहेब म्हणाले.

"लागू दे, साहेब. तीन ओळींचंच आहे."

ताईंनी वाचलं. 'ताडून बघणाऱ्याची' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. त्यांना हे माहीत नव्हतं, चुकीचं मोजलं एवढंच माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की टेबलाखालच्या त्या मुलीने शिक्का फेकून मारला असता तरी बरं वाटलं असतं.

"याचं नंतर बोलू," त्या म्हणाल्या. "आणि बोलूच."

बाईंना अकराचं बोलावणं होतं. गोदामवाल्यांनाही अकराचंच, कारण साहेब वेळ देताना ताईंची वही बघत नसत. त्यामुळे दोघं शेजारी शेजारी बसले. ताईंनी आत नेण्याआधीच बाईंनी पान हातात घेऊन वाचायला सुरुवात केली, एकेक अक्षर, शिवण तपासावी तसं.

"म्हणजे दुकान तुमच्यामुळे गेलं?" बाई मला म्हणाल्या.

"अजून गेलेलं नाही. पण हो, माझ्यामुळे."

"आणि हे तुम्ही मला लिहून देताय."

"तो आदेश रद्द करा असा अर्ज आज दुपारीच देतोय," ताई म्हणाल्या. "त्याची फी नाही, आधीची घेतली ती परत. अर्ज टिकेलच असं नाही सांगत. नाही टिकला तर नुकसानीसाठी तुम्ही आमच्यावर दावा करू शकता. आमच्याविरुद्ध नीट लढतील अशा दोन वकिलांची नावं मागच्या बाजूला आहेत."

बाईंनी पान उलटं केलं. "स्वतःवर दावा करायला स्वतःच वकील सुचवता?"

"वाईट वकील तुम्ही स्वतः शोधला असता," ताई म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. पण खुर्चीत मागे सरकून बसल्या, आणि दुसऱ्या वकिलाकडे त्या गेलेल्या नव्हत्या. माझा अंदाज तिथेही फसला.

गोदामवाल्यांनी मात्र सगळं ऐकलं होतं. ते उभे राहिले. "असं लिहून देणाऱ्या ऑफिसात माझ्या फायली ठेवू मी? उद्या माझंही असंच पान छापाल."

"छापू," ताई म्हणाल्या. "आजवर छापलं नाही, ती चूक वेगळी. करार करायचा असेल तर या महिन्यापासून तुम्हालाही पान. चारही रकाने."

"तुमच्या काकांनी मला असला त्रास कधी दिला नाही."

"काका तुम्हाला काहीच सांगत नाहीत. तुम्ही त्याला सेवा समजता."

साहेबांनी पुतणीला हाक मारली, पूर्ण नावाने. ताईंनी वळून बघितलं नाही. गोदामवाले निघाले, साहेब त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले, मग रस्त्यापर्यंत. महिन्याभरात साहेबांनी दोन गल्ल्या पलीकडे जागा घेतली आणि गोदामांच्या सत्तावीस फायली तिकडे नेल्या. यादी करून सही घेऊन मीच त्या दिल्या. जाताना ते म्हणाले, "वर्षभरात टाळं लागेल."

"लागलं तर तेही पानावर लिहू, काका," ताई म्हणाल्या.

अर्जाच्या सुनावणीला मला शपथेवर सांगावं लागलं. जागामालकाच्या वकिलाने खूप घोळवलं. एकतीस वर्षांचा अनुभव आणि तीस दिवस मोजता येत नाहीत? मी म्हणालो, मोजता येतात, म्हणूनच कुणाला मोजू दिले नाहीत. न्यायाधीशांनी विचारलं, हे तुम्ही वकील बाईंना वाचवायला सांगताय का? मी शिवणवाल्या बाईंचं पान पुढे केलं, पाच तारखेचं, हा अर्ज देण्याआधी लिहिलेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. आदेश रद्द झाला. दंड बसला, तो ऑफिसने भरला. बाईंचं मूळ भांडण अजून चालू आहे. हरायची शक्यता निम्मी, असं पहिल्याच कागदावर लिहिलेलं आहे आणि त्यात काही बदल नाही.

खोट्या सहीबद्दल ताईंनी मला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं. परत आलो तेव्हा मुदतीच्या वहीत पहिली सही चष्मेवालीची होती, दुसरी माझी. अशी उलटापालट मला कुणी विचारून केली नव्हती. परवा एक नोटीस आली. तिने मोजून सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. मी पाकीट मागितलं.

"माझ्यावर विश्वास नाही का, मामा?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो आणि शिक्का बघितला.

कोर्टाच्या व्हरांड्यात आता आमचं नाव चूकवाले पडलंय. साहेबांच्या नव्या ऑफिसातला कारकून काल चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय चूकवाले, या महिन्यात किती?"

"एक," मी म्हणालो. "टाइप करताना पत्ता चुकला होता, मंगळवारी दुरुस्त केला. अशिलाला कळवलं." मग कप खाली ठेवून विचारलं, "तुमच्या किती?"

तो चहा फुंकत राहिला. चहा केव्हाच थंड झाला होता.