तीन तोंडांचा टीव्ही

मित्रांनो, मला कपाट समजून माझ्या डोक्यावर पिशव्या ठेवू नका. माझी उंची आणि माझे पोट पाहून पुष्कळांची तशी गफलत होते. मी टीव्ही आहे. जुना, अवजड आणि थोडा गर्विष्ठ. दुकानात माझ्या जातीला प्रोजेक्शन टीव्ही म्हणत. मला हलवायला चार माणसे लागतात आणि हलवून झाल्यावर चौघेही कमरेवर हात ठेवून एकमेकांकडे बघत उभे राहतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात तीन नळ्या बसवल्या. एक नळी फक्त लाल चित्र काढते, दुसरी हिरवे, तिसरी निळे. तिघींची चित्रे पोटातल्या एका मोठ्या तिरक्या आरशावर पडतात आणि तिथून उसळून पडद्याच्या पाठीवर जातात. तिन्ही चित्रे एकावर एक तंतोतंत बसली, तरच माणसाचा चेहरा माणसासारखा दिसतो. एखादा रंग केसभर सरकला, तरी माझी अब्रू गेलीच म्हणून समजा.

या घरात मला दादांनी आणले. दारातून मी मावेना, तेव्हा त्यांनी दारच बिजागऱ्यांवरून उतरवले. "दार पुन्हा लावता येईल, असा टीव्ही पुन्हा मिळायचा नाही," असे ते म्हणाले. त्यांच्या बायकोने मात्र माझ्या मागे जाऊन जाळीतून आत डोकावून पाहिले. त्या वेळी मला त्याचे कारण कळले नाही. पुढे कळले.

दादांची धाकटी बहीण याच घरात राहायची. ती दादांच्या बायकोला 'वहिनी' म्हणायची आणि दादांचा मुलगा बापू तिला 'आत्या' म्हणायचा, म्हणून मीही तीच नावे धरली. आत्याने वीस वर्षे छापखान्यात यंत्राशेजारी बसून मुद्रिते तपासली. त्या धडधडाटाने तिचे कान हळूहळू नेले. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग दारावरची घंटा, मग माणसे. डॉक्टरांनी दिलेल्या कानातल्या यंत्रातून तिला नुसती गुणगुण ऐकू यायची. ते तिने डबीत घालून ठेवून दिले.

मी आलो आणि आत्याने माझ्यासमोर खुर्ची ओढली. सकाळी ती वर्तमानपत्र शब्दन् शब्द वाचायची. संध्याकाळी त्यातल्याच बातम्या माझ्या पडद्यावर बाई सांगायच्या, तेव्हा आत्या त्यांच्या ओठांकडे बघत राहायची. माझ्या पडद्यावर चेहरा ताटाएवढा आणि ओठ तळहाताएवढे दिसत. कोणत्या शब्दाला ओठ मिटतात, कोणत्या शब्दाला दात दिसतात, हे ती सकाळच्या वाचनाशी ताडून बघायची. कोणी शिकवले नाही, कुठला वर्ग लावला नाही. दोन वर्षांत ती जेवणाच्या टेबलावरची सगळी बोलणी ओठांवरून वाचू लागली.

एकदा बापू वडिलांच्या कानाशी कुजबुजला. आत्या पलीकडून म्हणाली, "'आत्याला सांगू नको' म्हणालास ना? आता सांगच!" त्या दिवशी सगळे इतके हसले की बापूला ठसका लागला. मित्रांनो, माझी स्तुती पुष्कळांनी केली, पण त्या हसण्यात माझा जो वाटा होता, त्याएवढे सुख मला कशानेच दिले नाही.

चौदा वर्षे अशी गेली. मग एका दुपारी माझ्या पोटात चर्र झाले आणि लाल चित्र खाली घसरले. निळे वर चढले. हिरवे बिचारे मधेच राहिले. बातम्या सांगणाऱ्या बाईंना तीन तोंडे आली. दादांनी माझ्या डोक्यावर एक चापट मारली, मग दुसरी. तोंडे तीनच राहिली.

मेकॅनिक आला. त्याने मला चालू केले, बंद केले आणि मान हलवली. "काका, याचं वय झालं. सुटे भाग मिळत नाहीत. मिळाले तरी हे रंग जुळवायचं काम भलतं किचकट असतं. कोणी हात घालत नाही."

भिंतीवर टांगायचे मोठे, पातळ टीव्ही तेव्हा अजून यायचे होते. बापूने आत्याच्या खोलीत एक छोटा टीव्ही आणून ठेवला. त्यात ओठ तिळाएवढे दिसायचे. आत्याने चार दिवस डोळे ताणले आणि तो बंद केला. रोजचा सराव तुटला तशी तिची वाचण्याची कला बोथट होऊ लागली. जेवताना ती नको तिथे 'हो हो' म्हणायची, चूक लक्षात आली की खाली बघायची. मग ती लवकर जेवून उठू लागली. हे सगळे मला माझ्या कोपऱ्यातून दिसत होते आणि त्यात माझा दोष होता.

बापूने ठरवले, येत्या रविवारी चार माणसे येऊन मला घेऊन जातील. त्याचेही चूक नव्हते. खोलीचा एवढा कोपरा अडवून मी तीन तोंडे दाखवत बसलो होतो.

बुधवारी सकाळी वहिनी स्वयंपाक झाकून हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी उघडून बघते."

"तू?" दादा हसले. "अगं, तो मिक्सर नाही."

"मिक्सरही मीच दुरुस्त केला होता. तुम्ही सगळ्यांना मेकॅनिकचं नाव सांगत सुटलात."

दादांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले.

मग मला कळले की वहिनींनी लग्नाआधी सहा वर्षे रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग केले होते. दिवसाला शेकडो जोड. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होते आणि सगळे ते विसरले होते. त्यांचे जुने सोल्डरिंग आयर्न शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली होते.

त्यांनी आधी माझा प्लग काढला आणि दोन दिवस मला तसाच ठेवला. मित्रांनो, हे नीट ऐका. बंद टीव्हीच्या पोटातही वीज दबा धरून बसलेली असते. ती कशी काढून टाकायची हे वहिनींना शिकवलेले होते आणि तरीही त्या घाई करत नव्हत्या. तुम्ही मला किंवा माझ्या कुठल्याही भावाला उघडायला जाऊ नका.

शुक्रवारी त्यांनी माझी पाठ उघडली. चौदा वर्षांची धूळ! मऊ ब्रशने त्यांनी ती झाडायला घेतली. मदतीला म्हणून दादा ओले फडके घेऊन आले आणि थेट माझ्या आरशाकडे निघाले.

"हात लावू नका!" वहिनी इतक्या मोठ्याने ओरडल्या की दादांचे फडके खाली पडले. "घरातल्या आरशाचा मुलामा मागे असतो. याचा पुढे आहे. एकदा फडकं फिरवलंत की संपलं."

"बरं बाई. मी लांबूनच कौतुक करतो."

आजपर्यंत माझ्या पोटातल्या आरशाचा एवढा मान कोणी ठेवला नव्हता.

चष्म्यावर भिंग धरून वहिनी बोर्ड बघत बसल्या. कोपऱ्यात, पत्र्याला चिकटलेल्या दोन काळ्या आयसी, म्हणजे पुष्कळ पायांच्या चिप, होत्या. तीन रंगांना जागेवर धरून ठेवणे हे त्यांचे काम. वर्षानुवर्षे तापून एक जळली होती आणि दोघींच्या पायांभोवती सोल्डरला केसाएवढ्या गोल भेगा गेल्या होत्या. वहिनींनी नंबर कागदावर लिहिले आणि छत्री घेऊन बाहेर पडल्या. तीन दुकाने पालथी घातल्यावर एका जुन्या रेडिओवाल्याकडे, खोक्याच्या तळाशी, तशा दोन मिळाल्या.

पुढचे काम मी कधी विसरणार नाही. छत्तीस पाय, एकेक करून मोकळे केले. एकदाही बोर्डावरची तांब्याची रेघ उचलली गेली नाही. नव्या आयसींच्या पाठीला त्यांनी उष्णता खेचून घेणारी पांढरी पेस्ट लावली.

"क्रीम लावतेस होय? मला कधी लावलं नाहीस," दादा लांबून म्हणाले.

"तुम्ही तापलात तर लावीन."

मग आयर्नचे तापलेले टोक टेकायचे, सोल्डरची तार किंचित पुढे सारायची, टोक उचलायचे. प्रत्येक जोड चकचकीत, छोट्या डोंगरासारखा निमुळता. तीस वर्षांनीही हात जराही अडखळला नाही.

शनिवारी दुपारी मला चालू केले. आतली एक कळ दाबताच पडद्यावर, रंग जुळवायला ठेवलेली बारीक रेघांची जाळी उमटली. तिन्ही रंगांच्या रेघा आता सरळ होत्या, पण एकमेकींपासून बोटभर लांब. त्या जुळवायच्या, तर छोटे छोटे स्क्रू फिरवायला हवेत. स्क्रू माझ्या पाठीमागे आणि चित्र पुढे. म्हणून वहिनींनी कपाटाचा मोठा आरसा आणून माझ्यासमोर उभा केला, म्हणजे मागे बसून त्यांना त्यात पडदा दिसेल. त्या दिवशी मित्रांनो, मी पहिल्यांदा माझे स्वतःचे तोंड पाहिले. लाल, हिरव्या, निळ्या रेघांचा नुसता गुंता. मला फार लाज वाटली.

बारीक फरक बघायला तीक्ष्ण डोळे हवेत. वहिनींनी कागदावर लिहून आत्यालाच बोलावले. आत्या माझ्यासमोर खुर्चीत बसली.

"लाल डावीकडे घ्या!" आत्याचा आवाज नेहमी मोठाच असायचा.

वहिनींनी स्क्रू फिरवला.

"अहो, डावीकडे!"

"डावीकडेच नेतेय!" वहिनी मागून ओरडल्या. ते आत्याला कसे ऐकू येणार? त्या उठून पुढे आल्या, आत्यासमोर तोंड करून तेच पुन्हा बोलल्या.

"मग उजवीकडे का चाललंय?"

दोघी हमरीतुमरीवर आल्या. शेवटी दादांच्या लक्षात आले. ते हात हलवत मध्ये पडले. "अगं, ही पडदा बघतेय आणि तू आरसा! आरशात डावं ते उजवं. दोघी एकच काय ते बघा."

मग आत्याने खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि तीही आरशात बघू लागली. काम भराभर चालू झाले. आधी हिरवी जाळी नीट केली. मग लाल रेघ हिरवीवर आणायची. ती बरोबर बसली की दोन्ही मिळून पिवळी दिसते. वहिनी डावा हात ॲप्रनच्या खिशात ठेवून एकाच हाताने काम करत होत्या. चालू यंत्रात दुसरा हात घालायचा नाही, ही कारखान्यातली शिस्त.

पण आरशात नुसता पडदा दिसत नव्हता. पडद्याच्या कडेला, पाठीमागून डोकावणारा वहिनींचा चेहराही दिसत होता. वहिनींना कामाशी बोलायची सवय होती. स्वयंपाकघरातही त्या ओट्याकडे तोंड करून पुटपुटत राहायच्या. आत्याला त्यांची फक्त पाठ आणि हलणारी मान दिसायची. इतकी वर्षे आत्याची पक्की समजूत होती की वहिनी पाठ फिरवून आपल्यालाच नावे ठेवतात.

आज आत्याला पहिल्यांदा ते ओठ दिसत होते. मलाही दिसत होते.

"ये गं बाई, ये... थोडी इकडे... आली. आता निळी," वहिनी पुटपुटत होत्या. "आज जमलंच पाहिजे. वन्सं जेवताना खाली बघतात, ते मला बघवत नाही. उद्या ती माणसं यायच्या आत जमलंच पाहिजे."

आत्या सूचना द्यायची थांबली.

"वन्सं? निळी कुठे आहे, सांगा ना!" वहिनी म्हणाल्या आणि आरशात बघतात तो आत्या जाळीकडे बघतच नव्हती.

"वहिनी," आत्या नेहमीसारख्याच मोठ्याने म्हणाली, "मला वाटायचं, पाठ फिरवून तुम्ही मला बोलता."

वहिनींचा हात थांबला. मग त्या आरशातूनच, सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाल्या, "बोलायचेच की कधीकधी. रोज नाही."

आत्या इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने पुन्हा आरशात रोखून पाहिले. "निळी थोडी खाली. अजून. आली! थांबा!"

जाळी पांढरीशुभ्र झाली. वहिनींनी माझी पाठ लावली. संध्याकाळच्या बातम्यांना सगळे जमले. आत्याने माझा आवाज पूर्ण बंद करायला लावला. बाई पडद्यावर आल्या, एक चेहरा, एक तोंड. आत्या पुढे वाकली. माझ्या तिन्ही नळ्यांनी जणू श्वास रोखला. मग ती अडखळत म्हणू लागली, "जुन्या पुलाचं... काम... पूर्ण झालं असून... उद्यापासून वाहतूक..." बापू उठून बाहेर गेला आणि दाराशी उभा राहून नाक पुसू लागला.

पण हे सगळे होता होता, त्या चार माणसांना नको म्हणून कळवायचे राहूनच गेले. रविवारी सकाळी ते चौघे दारात उभे राहिले. वर्तमानपत्र घ्यायला म्हणून दार नेमके आत्याने उघडले. त्यांच्यातला पुढचा म्हणाला, "बिघडलेला टीव्ही न्यायला आलोय."

आत्याने त्याच्या ओठांकडे बघितले आणि ताबडतोब उत्तर दिले, "चुकीच्या घरी आलात. आमच्याकडे बिघडलेला टीव्ही नाही."

मित्रांनो, आता मी आत्याच्या खोलीत असतो. माझा निळा रंग मंद झालाय आणि वहिनींना चष्म्याचा नंबर वाढवावा लागलाय. तरी वर्षातून एकदा त्या माझी पाठ उघडतात, धूळ झाडतात. एखादी वस्तू टाकण्याआधी, ज्याला त्यातले कळते अशा माणसाला एकदा ती दाखवा. ते माणूस कदाचित तुमच्याच घरात असेल आणि तुम्ही त्याला कधी विचारले नसेल. आणि घरात कोणाला ऐकू येत नसेल, तर कृपा करून पाठ फिरवून बोलू नका. त्यांच्यासमोर या, उजेडात उभे राहा आणि तोंड त्यांच्याकडे करा. बोलणे साधे असले तरी चालेल. पुष्कळ दिवसांत तेही त्यांच्या वाट्याला आलेले नसते.