दोघांच्या सह्या

मिशनच्या यादीत त्या शहरात एकतीस घरं होती. प्रत्येक घरात दोन तरुण मिशनरी, म्हणजे एकूण बासष्ट जण. गॅसचे गीझर एकतीस, त्यांतले एकोणीस बाथरूमच्या आत बसवलेले. नीट न उघडणाऱ्या खिडक्या चव्वेचाळीस. आणि प्रत्येक घरात बाथरूमच्या बाहेर, भिंतीवर उंच, विषारी वायूचा एक अलार्म: पांढरा, बशीएवढा, मधोमध बटण.

ही मोजदाद आजोबांनी केलेली; मिशनमधली मुलं त्यांना आजोबा आणि त्यांच्या बायकोला आजी म्हणत. ते बहात्तर वर्षांचे. निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते. आजी सत्तरच्या, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. दोघांनी आपलं दीड वर्ष मिशनला दिलं होतं आणि त्यातले अकरा महिने सरले होते. दारोदार फिरून लोकांशी धर्माबद्दल बोलायचं काम तरुणांचं. या दोघांकडे घरांची तपासणी होती. दर तीन महिन्यांनी प्रत्येक घर, चोवीस ओळींचा फॉर्म. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं खात्री करायची आणि खाली दोघांच्या सह्या. एकटा माणूस त्याला हवं तेच बघतो, असं मिशनच्या प्रमुखांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आजोबांना ते लगेच पटलं. प्रयोगशाळेतही असंच असायचं.

पाच महिन्यांपासून आजींच्या डोक्यातून गोष्टी निसटत होत्या. आधी शब्द, मग रस्ते, मग फॉर्मच्या ओळींचा क्रम. आजोबा गुपचूप तेवीस ओळी एकटेच तपासू लागले. चोविसावी, अलार्मची, त्यांनी आजींकडे ठेवली. बटण दाबायचं आणि आवाज आला की "वाजला" म्हणायचं. यात चुकण्यासारखं काही नाही, असा त्यांचा हिशेब होता. आवाज तर दुसऱ्या खोलीतही ऐकू येतो.

मिशनला दर महिन्याला अहवाल जायचा. त्यात एक प्रश्न असे: दोघांची प्रकृती ठीक? आजोबा 'हो' लिहीत. 'नाही' लिहिलं तर पंधरा दिवसांत घरी परत पाठवत. घरी मुलगा होता. तो फोनवर म्हणाला होता, "बाबा, आई मला तिसऱ्यांदा तेच विचारतेय. आल्यावर तिच्यासाठी एखादी संस्था बघू. तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही." इथं जोडीनं राहायचं, जोडीनंच बाहेर पडायचं, हा नियमच होता. अजून सात महिने त्यांना कोणी वेगळं करणार नव्हतं.

बुधवारी दुपारी ते दोन मुलींच्या घरी गेले. तिसरा मजला, मिशनच्या कचेरीपासून सगळ्यात लांबचं घर. एक मुलगी चष्मेवाली, चांगली रुळलेली. दुसरी एकोणीस वर्षांची. तिला येऊन तीन आठवडे झाले होते, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत.

"आजी, आज फ्रिज उघडायचा नाही हं," चष्मेवाली म्हणाली. "मागच्या वेळी नापास केलंत आम्हाला."

"नापास कुठं? काठावर पास केलं होतं." आजींची शाळेतल्या बाईंची ढब अजून शाबूत होती.

धाकटी पलंगावर पडून होती. आजी तिच्या उशाशी बसल्या. "काय गं, काय होतंय?"

"डोकं दुखतंय. चार दिवस झाले. मळमळतंय पण."

"हिचंच नाही, माझंही दुखतं," चष्मेवाली म्हणाली. "हिचं ऐकून ऐकून."

"घरची आठवण येते का?"

"येते ना, आजी."

"मग दुखणारच. पहिल्या महिन्यात सगळ्यांचं दुखतं. आईला पत्र लिही, पोटभर जेव, कढत पाण्यानं अंघोळ कर. उतरेल."

आजोबांनाही ते बरोबर वाटलं. घरच्या आठवणीनं डोकं दुखणारी चौदा मुलं-मुली त्यांनी अकरा महिन्यांत पाहिली होती आणि चौदाही जण बरे झाले होते. ते स्वयंपाकघरात सिंकखाली वाकून नळाची गळती पाहत होते, तेवढ्यात आतून कर्कश आवाज आला.

"वाजला," आजी म्हणाल्या.

आजोबांनी चोविसाव्या ओळीपुढे खूण केली. दोघांनी सह्या केल्या.

गुरुवारी सकाळी पहिलं घर उघडलं तेव्हा राहणारे बाहेर गेलेले होते. आजोबा फॉर्म घ्यायला मागच्या खोलीत आले आणि दारातच थांबले. आजी खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर तपासणीची पिशवी. बंद पडलेल्या अलार्मच्या जागी लावायला जो जास्तीचा अलार्म पिशवीत असे, तो त्यांनी बाहेर काढला, बटण दाबलं, आवाज ऐकला, अलार्म परत पिशवीत ठेवला.

"वाजला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग आजोबा त्यांना दिसले.

"हे काय करतेस?"

"तपासतेय."

"भिंतीवरचा तपासायचा ना?"

"तो उंच आहे. माझा हात पुरत नाही. आणि हाही तसलाच आहे की."

"हा नवा आहे. बदलायला आणलेला."

"मग वाजतोय ना? काय अडलं तुमचं?"

आजोबांनी खाली बसून विचारलं, "नेहमी असंच करतेस?"

"रोज. तुम्हीच दिलंत ना मला हे काम?"

त्यांनी खुर्ची भिंतीशी ओढली, वर चढले, भिंतीवरच्या अलार्मचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. मागच्या पट्टीवरची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. घड्याळात अकरा वीस झाले होते.

या फेरीत सतरा घरांवर सह्या झाल्या होत्या. प्रमुखांना एक फोन केला असता तर दहा मिनिटांत सतराही घरी निरोप गेला असता: गीझर लावू नका, खिडक्या उघडा. पण प्रमुखांनी कारण विचारलं असतं आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. आजोबांनी फोन हातात घेतला, खिशात ठेवला. सतरा घरं, एकेकाला पाऊण तास, प्रवास धरून तीन दिवस. त्यांनी यादी अंतरानुसार लावली, जवळचं आधी. म्हणजे कमी वेळात जास्त घरं होतात.

"चल, आज जरा पळापळ आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दारात आजी अडखळल्या. "हे घर झालंय आपलं."

"परत एकदा बघू."

"का? नापास झालो का आपण?"

"नाही गं. चल."

तिथला अलार्म वाजला. तिसऱ्या घरचाही वाजला. चौथ्या घरचा बंद होता. वाटेत कचेरीतून घेतलेला अलार्मचा नवा खोका आजोबांनी फोडला, तेव्हा आतलं माहितीपत्रक जमिनीवर पडलं. ते उचलताना एक ओळ वाचली गेली. विषबाधेची लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, एकाच घरातल्या अनेकांना एकाच वेळी त्रास.

त्यांनी मुलींना फोन लावला. घंटा पूर्ण वाजून थांबली. दुसऱ्यांदाही. मग प्रमुखांना लावला.

"हां काका, बोला."

"सगळ्यांना गीझर बंद करायला सांगा. आत्ताच्या आत्ता. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींकडे कोणाला तरी पाठवा, त्या फोन घेत नाहीत."

"झालं काय?"

आजोबांनी सांगितलं. आजींचं, अलार्मचं, सह्यांचं, पाच महिन्यांचं.

"हे तुम्हाला कधी कळलं, काका?"

आजी पलंगावर बसून रिकामा खोका घडी घालून सपाट करत होत्या.

"अकरा वीसला."

"आता किती वाजले?"

"दोन चाळीस."

गॅस कंपनीच्या माणसानं तीन वाजून पाच मिनिटांनी मुलींच्या घराचं दार तोडलं. भिंतीवरचा अलार्म बंद होता, गीझर चालू होता. वायूचं प्रमाण पलंगापाशी दहा लाख भागांत दोनशे साठ, बाथरूमच्या आत दोन हजार चारशे. दुपारी साडेबाराला धाकटी अंघोळीला गेली आणि आपण डोळे मिटून पडलो, एवढं चष्मेवालीला आठवत होतं. इस्पितळात दोघींचं रक्त तपासलं. हा विषारी वायू रक्तात पन्नास टक्क्यांच्या वर गेला की माणूस सहसा वाचत नाही. कार्बन मोनॉक्साइड चष्मेवालीच्या रक्तात बावीस टक्के, धाकटीच्या एकसष्ट.